बुबुळावरचें फूल आणि त्याचा कंद

मृगाचा पाऊस एक-दोनदां चांगला कोसळला, कीं महाड-पोलादपूरच्या बाजूस रानांत आणि जाळींच्या आडोशाला शेवळें डोकें वर काढूं लागतात. चार-सहा दिवसांपूर्वीं जेथें करपलेल्या मातीखेरीज कांहीं दिसत नव्हतें, तेथें तीं कोठून आलीं, याचें नवल नवख्या माणसासच वाटावें. जाणत्यास ठाऊक असतें कीं, वर कांहीं नसलें तरी खालीं कंद होताच. तो इतके महिने निजला होता, मेला नव्हता. कातकरी बाया तीं शेवळें खुडून बाजारांत आणतात, काकडांची जोड देऊन घरोघर त्यांची भाजी होते, आणि खुडणारीही मनांत जाणून असते कीं, आपण कोंब नेला, कंद नेला नाहीं. पुढील मृगास येथेंच पुन्हां यावयाचें आहे.

आजच्या लेखाचा विषय रानभाजी हा नव्हे. तथापि ज्या नेत्रविकाराविषयीं लिहावयाचें आहे, त्याची बहुतेक कहाणी या एका दृष्टांतांत सामावलेली आहे. ‘डोळ्यांत फूल पडलें’ हे शब्द आपल्या कानांवरून पुष्कळदां गेलेले असतात. पूर्वींच्या देवीच्या साथी, गोवर, अ जीवनसत्त्वाचा अभाव, शेतांत काम करितांना लागलेला मार, अशीं त्या फुलाचीं नाना कारणें आहेत. परंतु हर्पीस सिम्प्लेक्स नांवाच्या विषाणूमुळें पडणारें फूल निराळ्याच जातीचें असतें. इतर कारणांनीं झालेली इजा एकदां होऊन थांबते. हा विषाणु मात्र डोळ्यास बाधून गेला तरी देह सोडून जात नाहीं. तो कंदाप्रमाणें खोल जाऊन निजतो, आणि महिन्यांनीं किंवा वर्षांनीं त्याच डोळ्यास पुन्हां गांठतो. प्रत्येक खेपेस दृष्टीचा थोडा थोडा घांस घेण्याची त्याची रीत असल्यामुळें, त्याची ओळख प्रत्येक घरांत असणें इष्ट आहे.

ओळख खरोखर जुनीच आहे. केवळ नांव ठाऊक नसतें. ताप येऊन गेल्यावर ओंठाच्या कडेस बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. घरांतील वडील माणसें ‘ताप बाहेर पडला’ म्हणून समाधान मानतात, चार दिवसांनीं खपली धरते व गोष्ट विसरली जाते. हा पुंजका म्हणजे या विषाणूची सर्वपरिचित मुद्रा होय. हिंवताप ज्या काळीं कोंकणांत घरोघर असे, त्या काळीं ती फार दिसे. पाश्चात्य देशांतील जुन्या नेत्रवैद्यांनीं तर हिंवतापाच्या रोग्यांच्या बुबुळावर आढळणाऱ्या फांदीदार व्रणास हिंवतापाचेंच नांव देऊन टाकलें होतें. ताप हें केवळ निमित्त होतें. चोर निराळाच होता. येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. आपण जिला नागीण म्हणतों, ती या विकाराची चुलत बहीण होय. ती कांजिण्यांच्या विषाणूपासून होते. तीही डोळ्यास होऊं शकते, परंतु आज तिचा विचार कर्तव्य नाहीं.

हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. तोंड, ओंठ व डोळा यांच्याशीं मुख्यतः पहिल्या प्रकाराचा संबंध येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांतील पन्नास वर्षांच्या आंतील माणसांपैकीं सुमारें दोन तृतीयांश माणसांच्या शरीरांत हा पहिला प्रकार वस्ती करून आहे. बहुतेकांस तो बालपणींच कोणाच्या तरी लाळेवाटें किंवा मुक्यावाटें लागतो, आणि पुष्कळांस तो लागल्याचा पत्ताही नसतो. तेव्हां हा रोग कोणाच्या वर्तनाचा किंवा कुळाचा कलंक नव्हे, हें प्रथमच सांगून ठेवलेलें बरें. लग्न जुळवितांना किंवा सून घरांत आणितांना असल्या विकारावरून कुजबूज करणाऱ्यांनीं आपल्याच ओंठावरील जुने फोड आठवावेत.

आतां ओंठावरचा हा पाहुणा डोळ्यापर्यंत कसा पोंचतो, तें पाहूं. चेहऱ्यावरील स्पर्श व वेदना मेंदूकडे पोंचविणारा एक मोठा मज्जातंतु आहे. त्यास तीन फांद्या असतात. पहिली कपाळ व डोळा यांकडे, दुसरी गाल व वरचा ओंठ यांकडे आणि तिसरी खालचा ओंठ व जबडा यांकडे जाते. या तिन्ही फांद्या कवटीच्या तळाशीं, कानाच्या किंचित् पुढें व बऱ्याच आंत, मज्जापेशींच्या एका गांठीपाशीं एकत्र येतात. उजवीकडे एक व डावीकडे एक, अशा या गांठी दोन. ओंठाच्या त्वचेंत वाढलेला विषाणु तेथील मज्जातंतूच्या टोकांत शिरतो, आणि पेशीच्या आंत मालाची ने-आण होण्यासाठीं ज्या सूक्ष्म वाटा असतात, त्यांच्यावरूनच प्रवास करीत गांठीस पोंचतो. पोलादपूरचा नाका ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस ही रचना चटकन् उमजेल. एक रस्ता आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास, दुसरा कशेडीवरून खेडाकडे आणि तिसरा महाडाकडे. त्या नाक्यावर ज्याचें ठाणें बसलें, त्यास तिन्ही दिशा मोकळ्या. खेडाकडून आलेल्यानें खेडाकडेच परत गेलें पाहिजे, असा कांहीं नियम नाहीं. तसाच ओंठाच्या वाटेनें आलेला विषाणु परततांना डोळ्याच्या वाटेनें उतरूं शकतो.

हें ठाणें शोधून काढण्यास शास्त्रज्ञांस साठांहून अधिक वर्षें लागलीं. अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वी कुशिंग यानें १९०५ सालीं असें नमूद केलें कीं, चेहऱ्याच्या असह्य कळांवर उपाय म्हणून या मज्जातंतूवर शस्त्रक्रिया केली, म्हणजे त्याच्याच प्रदेशांत पुष्कळदां फोड उठतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनींतील नेत्रवैद्य विल्हेल्म ग्र्यूटर यानें रोग्याच्या बुबुळावरील व्रणांतील द्रव्य सशाच्या बुबुळास लावून तसाच व्रण उठवून दाखविला. त्यामुळें हा विकार संसर्गाचा आहे हें ठरलें. १९२९ सालीं अर्नेस्ट गुडपास्चर यानें असा तर्क मांडला कीं, दोन हल्ल्यांच्या मधल्या काळांत विषाणु मज्जागांठींतच दडून राहत असावा. तर्क सुंदर होता. पुरावा मात्र मिळेना. कारण त्या गांठी काढून, वाटून तपासल्या तर त्यांत विषाणूचा मागमूसही लागत नसे.

पुरावा मिळाला तो १९७१ सालीं. अमेरिकेंतील स्टीव्हन्स व कुक या दोघां संशोधकांनीं उंदरांच्या पायांस विषाणूची बाधा करविली, ते बरे होऊं दिले, आणि नंतर त्यांच्या मज्जागांठी बाहेर काढून वाटण्याऐवजीं पोषक द्रवांत जिवंत ठेवल्या. थोड्या दिवसांनीं, जेथें कांहींच नव्हतें, तेथें विषाणु प्रकट झाला. वाटलेल्या कंदांतून कोंब निघत नाहीं. जिवंत कंद ओल्या मातींत ठेवला तरच तो फुटतो. पुढें एक-दोन वर्षांतच, निरनिराळ्या कारणांनीं मृत झालेल्या माणसांच्या चेहऱ्याच्या मज्जागांठींतूनही अशाच रीतीनें विषाणु जागा करण्यांत आला, आणि गुडपास्चरचा तर्क सिद्ध झाला.

विषाणु निजतो म्हणजे नेमकें काय होतें? या विषाणूचा जीव म्हणजे सुमारें दीड लाख अक्षरांची एक जनुकसंहिता. तींत सत्तरांहून अधिक जनुकें आहेत. त्वचेच्या पेशींत तो शिरला कीं हीं जनुकें एकामागून एक कामास लागतात, हजारों नव्या विषाणूंची प्रत काढली जाते आणि पेशी फुटून मरते. मज्जापेशींत मात्र निराळेंच घडतें. तेथें ती संहिता एका कड्यासारखी जुळते, तिच्याभोंवतीं आपल्याच पेशींतील हिस्टोन नांवाचीं प्रथिनें घट्ट गुंडाळलीं जातात, आणि पोथी रुमालांत बांधून फडताळांत ठेवावी तशी ती पडून राहते. पोथीचें जवळजवळ एकच पान उघडें असतें. त्या पानावरून जो मजकूर उतरला जातो, त्यापासून विषाणु तयार होत नाहीं. उलट इतर पानें मिटलेलीं ठेवण्यास व ज्या पेशींत आश्रय घेतला ती जगविण्यास त्याची मदत होते, असें दिसून आलें आहे. यजमान मेला तर बिऱ्हाड जाईल, एवढें शहाणपण या कणास निसर्गानें दिलें आहे.

आपलें शरीर इकडे स्वस्थ बसलेलें नसतें. रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं कांहीं निवडक पेशी त्या गांठींत कायमचा पहारा करितात. विषाणूनें जरा हालचाल केली कीं त्या तो दाबून टाकतात. परंतु त्या मज्जापेशीस मारीत नाहींत. इतर ठिकाणीं बाधित पेशी मारून टाकणें हाच शरीराचा शिरस्ता आहे. मज्जापेशी मात्र गेली तर तिच्या जागीं दुसरी येत नाहीं. म्हणून चोरास हांकलण्यासाठीं घरच पेटवून देण्याऐवजीं दारावर चौकी बसविण्याचा मार्ग पत्करलेला दिसतो. या तडजोडीमुळें आपण जगतों. आणि याच तडजोडीमुळें विषाणुही जगतो.

चौकी ढिली पडली, किंवा मज्जापेशीस धक्का बसला, म्हणजे पोथीचा रुमाल सुटतो. तीव्र ताप, बुबुळास झालेली इजा अथवा तेथील शस्त्रक्रिया, अवयवरोपणानंतर घ्यावीं लागणारीं प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें, हीं त्याचीं कारणें मानलीं जातात. प्रखर सूर्यकिरणांनीं ओंठावरील फोड उठतात, हें प्रयोगांनीं ठरलेलें आहे. चिंतेविषयीं मात्र सावधपणें बोललें पाहिजे. ‘मनाला लावून घेतलें म्हणून डोळा उठला’ असें रोगीही म्हणतात व शेजारीही. परंतु अमेरिकेंत या विकाराच्या रोग्यांकडून दर आठवड्यास नोंदी लिहवून घेण्यांत आल्या, तेव्हां चिंता व डोळ्याचा हल्ला यांचा संबंध सिद्ध झाला नाहीं. ज्यांनीं डोळा उठल्यावर मागचें आठवून लिहिलें, त्यांना मात्र चिंता जास्त आठवली! दुखणें आल्यावर मन कारण शोधीत मागें जातें, हा आपणां सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून रोग्यास ‘तूंच काळजी करून ओढवून घेतलेंस’ असा बोल लावूं नये.

या प्रकरणांत महाडकरांस जवळची वाटेल अशी एक गोष्ट आहे. १९६६ सालीं अमेरिकेंत सशांवर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, अ‍ॅड्रिनलिन हें द्रव्य दिलें असतां डोळ्यांतील निजलेला विकार पुन्हां जागा होतो. आपल्या शरीरांत भय व आघात यांच्या वेळीं जें द्रव्य उसळतें, तेंच हें. विंचवाच्या विषानेंही याच जातीच्या द्रव्यांचा लोट रक्तांत येतो व हृदयावर ताण पडतो. महाडास राहून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं या विंचूदंशाचा अभ्यास केला, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला व तो लॅन्सेटसारख्या जगन्मान्य नियतकालिकांतून प्रसिद्ध केला. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. विंचू चावल्यानें डोळ्यास फूल पडतें, असा मात्र यावरून कोणीं अर्थ काढूं नये. सांगावयाचें तें इतकेंच कीं, तालुक्याच्या गांवीं बसूनही रोगाचें मूळ शोधितां येतें. आणि दोन्हींतील भेदही ध्यानांत घेण्याजोगा आहे. विंचवाचें विष दोन-तीन दिवसांत तरी उतरतें किंवा प्राण घेतें. हा विषाणु प्राण बहुधा घेत नाहीं, पण जन्मभर सोडतही नाहीं.

आतां प्रत्यक्ष डोळ्याकडे वळूं. बुबुळावर घड्याळाच्या कांचेप्रमाणें बसविलेला जो पारदर्शक पडदा आहे, त्यास पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर. त्यांत रक्तवाहिन्या नाहींत, आणि त्यांतील तंतु अत्यंत नियमित अंतरानें रचलेले आहेत. म्हणूनच त्यांतून प्रकाश निर्वेध जातो. विषाणु प्रथम वरच्या थरांत झाडाच्या फांद्यांसारखा व्रण उठवितो. हा व्रण वेळेवर भरला तर डाग फारसा राहत नाहीं. परंतु विकार खोल थरांत गेला, म्हणजे विषाणूपेक्षांही त्याच्यावर चालून गेलेली शरीराची फौजच अधिक नासधूस करिते. तंतूंची रचना विस्कटते, नसलेल्या रक्तवाहिन्या आंत शिरतात, आणि कंदिलाच्या कांचेवर काजळी धरावी तसा पांढुरका डाग राहतो. तेंच आपलें ‘फूल’. प्रत्येक हल्ल्यांत काजळीचा एक थर वाढतो.

या रोगाची खरी लबाडी पुढेंच आहे. वारंवार बाधा झाल्यानें पारपटलाची संवेदना मंदावते. त्यामुळें रोग वाढत असतांही दुखणें कमी भासतें. समजा, पोलादपूर तालुक्यांतील एखाद्या गांवीं चाळिशीच्या एका गृहिणीचा उजवा डोळा लाल झाला. पाणी गळतें, उजेड सोसवत नाहीं, डोळ्यांत खडा गेल्यासारखें वाटतें. शेजारीण म्हणते, ‘डोळे आले असतील.’ फडताळांत मामंजींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली असते; किंवा औषधांच्या दुकानांतून कोणी तरी ‘लालीवरचें’ औषध आणून देतो. त्या थेंबांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें. दोन दिवसांत लाली ओसरते, सगळ्यांस बरें वाटतें, बाटलीवर विश्वास बसतो. आंत मात्र असें झालेलें असतें कीं, स्टेरॉइडनें पहारेकऱ्यांचे हात बांधले, आणि विषाणूस रान मोकळें मिळालें. बारीक फांद्यांचा व्रण नकाशासारखा पसरतो. दिवाळीच्या आधीं भातकापणी संपवून ती बाई जेव्हां नेत्रवैद्याकडे जाते, तेव्हां सूर्यास्तानंतर तिला त्या डोळ्यानें तांदळांतील खडे दिसत नसतात.

असें घडूं नये म्हणून पुढील भेद लक्षांत ठेवावा. साथीनें डोळे येतात, तेव्हां बहुधा दोन्ही डोळे येतात, चिकट पूं येतो, पापण्या सकाळीं जडतात, पण पुसल्यावर नीट दिसतें. एकच डोळा लाल, पूं नाहीं, पाणी पुष्कळ, उजेडाचा तिटकारा आणि दृष्टि अंधुक, अशी स्थिति असेल, विशेषतः पूर्वींही त्याच डोळ्यास असें झालें असेल, तर ते ‘डोळे आले’ नव्हेत, असेंच धरून चालावें. झोडणीच्या दिवसांत डोळ्यांत साळीचें तूस किंवा पात जाऊन बुरशीचाही व्रण होतो. तो वरवर असाच दिसतो, त्याचें औषध निराळें असतें, आणि स्टेरॉइड त्यासही घातक असतें. म्हणून निदान घरीं होणें नाहीं. मध, आईचें दूध, तुरटीचें पाणी अशा घरगुती उपायांत चार-सहा दिवस घालविणें म्हणजे रोगाला ते दिवस दान देणें होय. नेत्रवैद्य फ्लुओरेसीन नांवाचा पिवळा रंग डोळ्यांत घालून निळ्या प्रकाशांत पाहतो. व्रण हिरवा चमकून फांदीन् फांदी दिसते. कापसाच्या बारीक तंतूनें स्पर्श करून तो पारपटलाची संवेदनाही पाहतो. एवढ्या साध्या तपासणीनें पुष्कळदां डोळा वांचतो.

औषधें आहेत आणि तीं चांगलीं आहेत. विषाणूवर गुणकारी ठरलेलें पहिलें औषध, आयडॉक्सयुरिडीन, याच नेत्ररोगासाठीं १९६२ सालीं अमेरिकेंत हर्बर्ट कॉफमन यांनीं यशस्वी करून दाखविलें. तोंवर विषाणूवर औषध असूंच शकत नाहीं असा समज प्रचलित होता. पुढें अ‍ॅसायक्लोव्हिर आलें. तें ज्या प्रयोगशाळेंत निघालें, तेथील गर्ट्रूड एलिअन या विदुषीस १९८८ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. या औषधाची युक्ति फार मार्मिक आहे. तें पेशींत शिरतें तेव्हां निरुपद्रवी असतें. विषाणूनें स्वतःच्या वाढीसाठीं तयार केलेलें एक विकर त्यास जागें करितें, आणि जागें झालेलें औषध विषाणूचीच प्रत काढणें बंद पाडतें. चोरानें आपल्याच किल्लीनें आपली कोठडी बंद करावी, तशांतला हा प्रकार. निरोगी पेशींस त्यामुळें फारसा त्रास होत नाहीं.

पण वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, निजलेला विषाणु तें विकर तयारच करीत नाहीं. त्यामुळें औषध त्याच्या उशाशीं जाऊन उभें राहिलें तरी जागें होत नाहीं, आणि कंद जशाचा तसा राहतो. ‘एवढीं औषधें घेतलीं, तरी पुन्हां कसें झालें? डॉक्टरास कळत नसावें,’ असें म्हणून वैद्य बदलीत हिंडणाऱ्यांस हेंच उत्तर आहे. औषध कोंब खुडतें. कंद काढणारें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील रोग्यांच्या दीर्घ पाहणींत, पहिल्या हल्ल्यानंतर एका वर्षांत सुमारें दहा टक्के, पांच वर्षांत छत्तीस टक्के व वीस वर्षांत त्रेसष्ट टक्के रोग्यांचा डोळा पुन्हां उठल्याचें आढळलें. पुन्हां येणें हा या रोगाचा स्वभाव आहे; तो वैद्याचा दोष नव्हे, आणि रोग्याचाही नव्हे.

मग हात जोडून बसावयाचें काय? मुळींच नाहीं. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन परीक्षेंत ७०३ रोग्यांपैकीं निम्म्यांस वर्षभर रोज दोनदां ४०० मिलिग्रॅम अ‍ॅसायक्लोव्हिरची गोळी व बाकीच्यांस नुसती खोटी गोळी देण्यांत आली. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीं ३२ टक्क्यांचा डोळा त्या वर्षांत उठला. खरी घेणाऱ्यांपैकीं १९ टक्क्यांचा. ज्यांचा डोळा वारंवार उठतो, त्यांस म्हणूनच नेत्रवैद्य महिनोन्महिने गोळी चालू ठेवण्यास सांगतात. ती ‘आतां बरें आहे’ म्हणून आपल्या मनानें सोडूं नये. खोल थरांतील विकारांत वैद्य स्वतःच विषाणुरोधक औषधाच्या जोडीनें स्टेरॉइड देतात, हें वाचून कोणास विसंगति वाटेल. ती विसंगति नव्हे. तेथें आपल्याच फौजेचा अतिरेक आवरावयाचा असतो. शस्त्र तेंच, तें कोणत्या वेळीं व कोणाच्या हातीं, एवढाच भेद.

महाड-पोलादपूरसारख्या मुलखांत यास आणखी एक पथ्य जोडलें पाहिजे. २०२१ च्या जुलैंत सावित्रीचा पूर महाड शहरांत शिरला आणि डोंगर खचून गांवें तुटलीं, तें कोणी विसरलें नसेल. ज्यास अशी गोळी रोज लागते, त्यानें आषाढ-श्रावणांत निदान महिन्याभराचा सांठा उंच व कोरड्या जागीं ठेवावा, आणि औषधाचें नांव व मात्रा कागदावर लिहून जवळ बाळगावी. मोतीबिंदूची वा दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया त्या डोळ्यावर व्हावयाची असेल, तर पूर्वीं असा विकार झाला होता हें वैद्यास आपण होऊन सांगावें.

घरांतील इतरांनीं पाळावयाचे नियम थोडके आहेत. ओंठावर फोड असतां लहान मुलाचा मुका घेऊं नये. नवजात अर्भकास तर ओंठ फुटलेल्या माणसानें, मग ती आजी असो वा आत्या, जवळ घेऊन पापा घेणें कटाक्षानें टाळावें. पहिल्या कांहीं आठवड्यांत हा संसर्ग बाळाच्या प्राणावर बेतूं शकतो. बारशाच्या दिवशीं आईनें तसें सांगितलें तर तो तिचा उद्धटपणा समजूं नये. फोडास हात लावल्यावर धुतल्याशिवाय डोळ्यास लावूं नये. रोग्याचा टॉवेल व थेंबांची बाटली निराळी असावी. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या बाटल्या ठेवून देण्याची काटकसर सोडावी. रोग्याचें ताट-वाटी वेगळें काढून त्यास दूर बसविणें मात्र अनाठायीं आहे; घरांतील बहुतेकांच्या देहांत तोच विषाणु आधींच निजलेला असण्याचा संभव मोठा.

इतकेंही करून ज्यांच्या पारपटलावर दाट फूल बसलें, त्यांस नेत्ररोपणाचा मार्ग उरतो. १९०५ सालीं ओल्म्युट्स येथें एडुआर्ड त्सिर्म यानें मनुष्याच्या पारपटलाचें पहिलें यशस्वी रोपण केलें. आज तें आपल्याकडे मुंबई-पुण्यास नित्य होतें. कांच नवी बसली तरी कंद जुनाच असल्यानें नव्या पारपटलावरही विषाणु येऊं शकतो, म्हणून रोपणानंतर दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागतात. परंतु याहूनही मोठी अडचण आहे ती कांचेचीच. पारपटल कारखान्यांतून येत नाहीं. तें कोणा तरी मृत माणसाच्या आप्तांनीं दिलें, तरच मिळतें. मृत्यूनंतर सुमारें सहा तासांच्या आंत तें काढून घ्यावें लागतें. वयाची अडचण नाहीं. चष्मा असला किंवा मोतीबिंदू काढलेला असला तरी चालतें. चेहरा विद्रूप होत नाहीं. आणि एका माणसाच्या दानानें दोघांस दृष्टि येऊं शकते.

सहा तास थोडे असतात, आणि त्या तासांत घरांत विचार करण्याची शक्ति कोणासच नसते. वडील माणसांनीं आपली इच्छा आपण धडधाकट असतांनाच मुला-सुनांस स्पष्ट सांगून ठेवावी, आणि जवळच्या नेत्रपेढीचा पत्ता व दूरध्वनि दाराआडच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. निजलेला शत्रु देहांतून काढून टाकणें अद्याप कोणाच्या हातीं नाहीं. त्यानें कोणाच्या तरी डोळ्यापुढें आणलेला अंधार हटविणें मात्र प्रत्येक घराच्या हातीं आहे.